जुनी इलेक्ट्रिक गिटार सुधारावी की सोडून द्यावी? खर्च करण्यापूर्वीची तपासणी

गणपतीच्या आधी घर झाडताना माळ्यावरून एखादी जुनी इलेक्ट्रिक गिटार खाली यावी, हे बेळगावातील पुष्कळ घरांना नवीन नाही. कधी ती ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या काकांची असते, कधी लष्कराच्या कॅम्पमधून बदली होऊन गेलेल्या शेजाऱ्याने जाताना देऊन टाकलेली असते, तर कधी गोव्याच्या पाहुण्यांकडून आलेली असते. तारा गंजून तपकिरी झालेल्या असतात, व्हॉल्यूमचे बटण फिरवले की स्पीकरमधून करकर येते, आणि तरीही ज्याच्या हाती ती पडते त्याच्या डोक्यात त्याच रात्री नवे पिकअप (तारांचे कंपन विजेत बदलणारे भाग), नव्या खुंट्या आणि नवा ब्रिज (बॉडीवरची तारांची घोडी) यांची यादी तयार होते. ही यादी आणि प्रत्यक्ष खरेदी यांच्या मधल्या दिवसांत काय करावे, ते या लेखात सांगितले आहे.

माझे मत आधीच सांगतो. जुन्या गिटारवर पैसे घालावेत की नाही, हे तिचा नेक, म्हणजे तिची लांब मान, ठरवतो. पिकअप, खुंट्या, स्विच आणि जॅक हे सगळे स्क्रू काढून बदलता येते आणि उद्या दुसऱ्या गिटारवर नेताही येते. नेकवर आणि फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) केलेली मजुरी मात्र त्याच गिटारमध्ये राहते. म्हणून तपासणी नेकपासून सुरू करावी आणि आवाजाचा विचार सर्वांत शेवटी करावा. मी स्वतः हा क्रम उलटा केला होता. शहापुरातल्या आमच्या घरी थोरल्या चुलतभावाची एक गिटार होती, तिच्यासाठी मी आधी तीन पिकअपचा संच मागवला, दोन रविवार खपून तो बसवला, आणि नंतर नव्या तारा चढवल्यावर माझ्या लक्षात आले की नेकला पीळ आहे आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे बारीक तारा वाजतच नाहीत. आईने एवढेच विचारले, "आधी बघून घ्यायचं नव्हतंय काय?" त्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

पहिली पायरी: गिटार ओळखणे आणि तारा बदलणे

सर्वप्रथम हेडस्टॉकवरील (खुंट्या असलेल्या टोकावरील) नाव, नेकच्या मागची पट्टी आणि तेथील क्रमांक पाहून त्यांचा फोटो काढून ठेवावा. आपल्याकडच्या जुन्या गिटारांपैकी बहुतेक फेंडर कंपनीने १९५४ साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टर या नमुन्याच्या आशियाई किंवा भारतीय नकला असतात. त्यांना बाजारात फारशी किंमत नसते, त्यामुळे त्यांच्यावर प्रयोग करण्यास हरकत नाही. परंतु एखाद्या गिटारवर सत्तर-ऐंशीच्या दशकातील 'मेड इन जपान' असा ठसा आढळला, तर मात्र हात आखडावा. अशा गिटारचे मूळ भाग बदलले की तिची किंमत उतरते, आणि मूळ पिकअप बऱ्याचदा नव्या स्वस्त पिकअपपेक्षा चांगलेच असतात. अशी गिटार जाणकाराला दाखवल्याशिवाय तिचा एकही स्क्रू काढू नये.

त्यानंतर नव्या तारा घ्याव्यात. गंजलेल्या तारांवर कोणतीही तपासणी खरी ठरत नाही, कारण गंजलेली तार जागोजागी कमी-अधिक जाड झालेली असते आणि ती सुरात लागत नाही. नवशिक्याने ९ ते ४२ किंवा १० ते ४६ या मापाचा संच घ्यावा. हे आकडे इंचाचे हजारांश असतात, म्हणजे सर्वांत बारीक तार ०.००९ किंवा ०.०१० इंच जाडीची असते. सहा तारा सुरात लावल्या की नेकवर एकूण सुमारे ४० ते ४५ किलोचा ताण येतो, आणि अनेक वर्षे सैल पडलेल्या नेकला त्या ताणाची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून तारा चढवून सुरात लावाव्यात, गिटार दोन-तीन दिवस तशीच ठेवावी, रोज पुन्हा सुरात लावावी, आणि त्यानंतरच पुढची मापे घ्यावीत.

दुसरी पायरी: नेकची परीक्षा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि सुदैवाने तिला पैसे लागत नाहीत. गिटारचा बॉडीकडचा भाग डोळ्यांजवळ धरून नेकच्या कडेने हेडस्टॉकच्या दिशेने पाहावे, जसे सुतार फळी घेताना एक डोळा मिटून तिची कड पाहतो. दोन गोष्टी पाहायच्या असतात: नेकमधील बाक आणि नेकमधील पीळ. थोडा बाक हा दोष नसून आवश्यकता आहे, कारण कंपन पावणाऱ्या तारेला मध्यभागी हलायला जागा लागते. पीळ मात्र वेगळी गोष्ट आहे. शेवटचा फ्रेट आणि नट (हेडस्टॉकजवळची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) या दोन आडव्या रेषा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एक रेषा दुसरीच्या तुलनेत तिरपी दिसत असेल, तर नेक पिळलेला आहे, आणि स्वस्त गिटारचा पिळलेला नेक सरळ करण्यावर पैसे घालणे माझ्या मते कधीच परवडत नाही.

बाक मोजण्यासाठी दुचाकीचे मेकॅनिक टॅपेटची फट मोजायला जे फिलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) वापरतात, तेच येथे वापरावे; उद्यमबाग किंवा बाजारपेठेतील हार्डवेअरच्या दुकानात ते मिळते, किंवा ओळखीच्या गॅरेजमधून एका दुपारपुरते मागून आणता येते. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावावा, सर्वांत जाड तार शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटच्या आसपास तार व फ्रेट यांच्यातील फट मोजावी. ०.२० ते ०.२५ मिलिमीटरची पट्टी तार न हलवता सरकत असेल, तर बाक योग्य आहे. फट याहून पुष्कळ जास्त असेल किंवा मुळीच नसेल, तर नेकच्या आत असलेली लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, फिरवावा लागतो.

ट्रस रॉडविषयी भीती आणि धिटाई या दोन्ही गोष्टी मी पाहिल्या आहेत, आणि नुकसान धिटाईने जास्त होते. तारा थोड्या सैल कराव्यात, रॉडच्या टोकाच्या खाचेत घट्ट बसणारी अ‍ॅलन की घ्यावी, आणि एका वेळी फक्त पाव फेरा फिरवावा. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यास रॉड घट्ट होऊन बाक कमी होतो, उलट फिरवल्यास बाक वाढतो. पाव फेऱ्यानंतर पुन्हा सुरात लावून मोजावे. की सैल बसत असेल तर जोर लावू नये, कारण खाचेच्या कडा एकदा गोल झाल्या की नेक निकामी होण्याची वेळ येते. आशियाई गिटारांना बहुधा मिलिमीटरची की लागते आणि अमेरिकी गिटारांना इंचाची. जवळपास बसणारी की आणि नेमकी बसणारी की यांतला फरक बोटांना लगेच कळतो. रॉड पूर्ण घट्ट होऊनही बाक जात नसेल, किंवा रॉड नुसताच फिरत असेल आणि काहीच घडत नसेल, तर तपासणी येथेच थांबवावी. अशा गिटारवर पुढे एक रुपयाही खर्च करू नये.

येथे आपल्या हवेचा विचार करणे आवश्यक आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर असले तरी जून ते सप्टेंबरमधील दमटपणा लाकडात शिरतोच, आणि खानापूरच्या बाजूला, जंगलाच्या कडेला असलेल्या गावांत तर तो अधिकच जाणवतो. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि नेकचा बाक बदलतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये लाकूड सुकते, फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली फळी) किंचित आकसतो आणि फ्रेटची टोके कडेने बाहेर येऊन हाताला टोचू लागतात. म्हणून जुलैमध्ये घेतलेल्या मापांवर कायमचा निर्णय घेऊ नये. दिवाळीच्या सुमारास एकदा पुन्हा मोजावे. टोचणारी फ्रेटची टोके ही मात्र किरकोळ बाब आहे, बारीक कानशीने ती अर्ध्या तासात घासून निघतात.

फ्रेटची झीज पाहण्यासाठी तारा बाजूला सारून पहिल्या तीन-चार फ्रेटवर तिरप्या उजेडात नजर टाकावी. तारांखाली उथळ खड्डे दिसत असतील, तर फ्रेट समपातळीत घासून त्यांचा माथा पुन्हा गोल करता येतो. खड्डे खोल असतील, किंवा पूर्वी कोणी घासून घासून फ्रेट जवळजवळ सपाट केले असतील, तर सगळे फ्रेट नवे बसवावे लागतात, आणि ते काम स्वस्त गिटारच्या किमतीच्या जवळ जाऊ शकते. एकाच ठिकाणी तार खणखणत असेल, तर लहान स्टीलची पट्टी एका वेळी तीन फ्रेटवर ठेवून पाहावी. ती मधल्या फ्रेटवर डुलली तर तो फ्रेट उंच आहे. सैल झालेला फ्रेट उचलून आला असेल तर तो पुन्हा ठोकून बसवणे पुरेसे ठरते.

तिसरी पायरी: विजेचा भाग

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत अतिशय सूक्ष्म वीज तयार होते. अ‍ॅम्प्लिफायर तीच मोठी करतो. यावरून एक गोष्ट लक्षात येते की आवाज खराब येण्याची कारणे बहुतेक वेळा पिकअपमध्ये नसतात. ती त्या सूक्ष्म विजेच्या वाटेत असतात: ऑक्साइड चढलेला जॅक (केबल खुपसण्याची जागा), धूळ भरलेले कंट्रोल (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे भाग), स्विचचे मळलेले संपर्क, निसटू पाहणारे सोल्डर.

म्हणून आधी पुढील चाचणी करावी. गिटारला केबल लावावी, व्हॉल्यूम पूर्ण उघडावा, मल्टीमीटर २० किलोओहमवर ठेवावा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनचे टोक व तिचा दांडा यांना दोन काड्या लावाव्यात. स्विच एका पिकअपवर असताना साधा सिंगल कॉइल पिकअप साधारण ५ ते ८ किलोओहम दाखवतो, तर दोन कॉइलचा हंबकर ७ ते १६ च्या दरम्यान कुठेतरी असतो. मीटरने आकडाच दाखवला नाही तर वेढे किंवा जोडणी तुटलेली आहे. शून्याजवळ आकडा आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. आकडा योग्य असेल तर पिकअप जिवंत आहे असे समजावे आणि त्याला सध्या हात लावू नये.

करकर करणाऱ्या कंट्रोलमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून बटण वीस-तीस वेळा दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. जॅकची वाकडी जीभ किंचित आत वाकवली की केबल घट्ट बसते. इतक्याने काम झाले नाही, तर जॅक, कंट्रोल आणि स्विच बदलणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त समाधान देणारा बदल आहे. सिंगल कॉइलसाठी २५० किलोओहमचे आणि हंबकरसाठी ५०० किलोओहमचे कंट्रोल घेण्याचा प्रघात आहे. मूल्य जास्त असेल तितका आवाज धारदार होतो. एक सूचना येथेच देतो: कंट्रोलच्या पाठीवर सोल्डरिंग करायला २५ वॉटचा आयर्न पुरत नाही, कारण पत्र्याचे ते कवच उष्णता ओढून घेते, सोल्डर गोळ्यासारखे वर बसते आणि दोन महिन्यांनी निखळते. चुलतभावाच्या गिटारमध्ये असेच राखाडी, निस्तेज गोळे मला सापडले होते; पैकी एकाला नखाने टोचताच तो टपकन निघून आला आणि खालचा पत्रा कोरा करकरीत होता. ४० ते ६० वॉटचा आयर्न घ्यावा, जागा आधी घासून घ्यावी आणि काम झटपट उरकावे.

गुणगुण हा स्वतंत्र विषय आहे. सिंगल कॉइल पिकअप घरातील ५० हर्ट्झच्या विजेचा गुंजारव पकडणारच. १९५५ साली गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी हंबकर तयार केला तो याच त्रासावर उपाय म्हणून. परंतु तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर गिटारची अर्थिंगची तार शाबूत आहे, आणि बॉडीतील कोनाड्यांना आतून तांब्याची पट्टी चिकटवून शील्डिंग केल्यास ती आणखी कमी होते. हात लावल्यावर आवाज वाढत असेल किंवा बोटांना झिणझिण्या येत असतील, तर मात्र वाजवणे तत्काळ थांबवावे. जुन्या वाड्यांमध्ये अर्थिंगच नसते, आणि मंडपात जनरेटरवर जोडलेल्या व्यवस्थेत तर गिटारच्या तारा आणि ओठांजवळचा माईक यांच्यामध्ये जीवघेणा विद्युतदाब असू शकतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची जाड पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घालण्याची सवय काही जणांना असते. ती सवय कोणत्याही पिकअपपेक्षा महाग पडू शकते. आधी इलेक्ट्रिशियन बोलावावा.

चौथी पायरी: सेटअप आणि महिनाभर वादन

नेक ठीक आहे आणि विजेचा मार्ग मोकळा आहे, एवढे समजल्यावर सेटअप, म्हणजे तारांची उंची आणि सूर यांची जुळणी, करून घ्यावा किंवा स्वतः करावा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची सुमारे २ मिलिमीटर आणि बारीक तारेची सुमारे १.६ मिलिमीटर ही सुरुवातीसाठी चांगली मापे आहेत. त्यानंतर प्रत्येक तारेचे इंटोनेशन पाहावे: बाराव्या फ्रेटवर तार दाबून निघणारा स्वर आणि त्याच जागी नुसता स्पर्श करून निघणारा हार्मोनिक हे ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा त्या तारेचा आधार) मागे न्यावे, उतरा असेल तर पुढे आणावे.

गिटार वारंवार बेसूर होते म्हणून नव्या खुंट्या घेणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा दोष खुंट्यांत नसतो. तार लावताना नटमधून 'टिंग' असा आवाज येत असेल, तर तार नटच्या खाचेत अडकते आहे; खाचेत पेन्सिलचे शिसे घासून पाहावे. तारेचे खुंटीवर दोन-तीन वेढे नीट एकाखाली एक आहेत का, तेही पाहावे. यानंतरही खुंटी हातात सैल लागत असेल, तिच्या दात्यांत जागा पडली असेल, तरच ती बदलण्याच्या यादीत घालावी. पट्ट्याचा खिळा किंवा नेकचा स्क्रू नुसताच फिरत असेल, तर भोकात आगकाडीचे तुकडे फेव्हिकॉल लावून ठोकावेत, ते रात्रभर सुकू द्यावेत आणि मग स्क्रू पिळावा. प्लायवूडच्या बॉडीलाही हा उपाय चालतो.

यानंतर महिनाभर काहीही विकत न घेता वाजवावे. हा सल्ला कंटाळवाणा वाटेल, परंतु सेटअपनंतर निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात असा माझा अनुभव आहे, आणि ज्या उरतात त्या नेमक्या शब्दांत सांगता येतात. 'आवाज चांगला नाही' या तक्रारीवर कोणताच भाग विकत मिळत नाही. 'ब्रिजजवळचा पिकअप फार टोचतो आणि डिस्टॉर्शनवर गुणगुणतो' या तक्रारीवर मिळतो.

पाचवी पायरी: हिशेब

आता कागद घ्यावा. प्रथम दोन किमती लिहाव्यात: आपली गिटार आज आहे त्या अवस्थेत किती रुपयांना जाईल, आणि आपल्याला हवी तशी वाजणारी चांगली सेकंडहँड गिटार किती रुपयांना मिळेल. दुसरा आकडा हा खरा मापदंड आहे. मी स्वतःसाठी पाळत असलेला नियम असा आहे की जुन्या गिटारवरचा खर्च या दुसऱ्या आकड्याच्या निम्म्याच्या पुढे जाऊ देत नाही, आणि जे महाग भाग पुढच्या गिटारवर नेता येतील त्यांची किंमत अर्धीच धरतो.

समजा, हवी तशी सेकंडहँड गिटार १२,००० रुपयांना मिळते. म्हणजे आपली मर्यादा ६,००० रुपये. तारा ६०० रुपये, सेटअप १,२०० रुपये, जॅक, कंट्रोल आणि स्विच ९०० रुपये, हाडाचा नट मजुरीसह ८०० रुपये, असे धरले तर बेरीज ३,५०० रुपये होते आणि हा खर्च निःसंकोच करावा. फ्रेट घासून समपातळीत आणण्याचे २,००० रुपये मिळवले तर ५,५०० रुपये होतात. हेही मर्यादेत आहे, पण आता जागा उरलेली नाही. त्यावर ६,००० रुपयांचा पिकअपचा संच घ्यायचा म्हटले तर, अर्धी किंमत धरूनही, आकडा ८,५०० रुपयांवर जातो आणि उत्तर नकारार्थी येते. याउलट फ्रेट चांगले असतील आणि ते २,००० रुपये वाचले, तरी पिकअपसह बेरीज ६,५०० रुपये होते. अशा वेळी हाडाचा नट लांबणीवर टाकून मर्यादेत येता येते. दर शहरागणिक बदलतील. आकडे आपले घालावेत, रीत हीच ठेवावी.

या हिशेबात प्रवास धरायला लोक विसरतात. बेळगावात साधे सेटअप आणि सोल्डरिंगचे काम करणारे सापडतात, परंतु फ्रेटचे काम करणाऱ्या कारागिरासाठी गोवा, पुणे किंवा बेंगळुरू गाठावे लागू शकते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला रात्रीचा प्रवास करून गिटार ठेवायला जायचे आणि आणायला पुन्हा जायचे, म्हणजे चार तिकिटे, दोन दिवसांची रजा आणि वरच्या बर्थवर गिटारशेजारी अंग चोरून झोपणे. हा खर्चही त्याच कागदावर लिहावा.

एक गोष्ट स्पष्टपणे समजून घ्यावी: सुधारणेवर घातलेले पैसे विक्रीत परत येत नाहीत. ५,००० रुपयांच्या गिटारवर ५,००० रुपये घातले म्हणून ती १०,००० रुपयांना जात नाही. गिटारशी भावनिक नाते असेल तर हा हिशेब बाजूला ठेवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. काकांची गिटार केवळ ती काकांची आहे म्हणून दुरुस्त करणे यात गैर काहीच नाही. फक्त त्या खर्चाला गुंतवणूक म्हणू नये.

सहावी पायरी: मापे घेतल्याशिवाय भाग मागवू नयेत

नकला दिसायला मूळ नमुन्यासारख्या असल्या तरी मापांत त्या फसवतात, कारण मूळ नमुना इंचात आणि नकला मिलिमीटरमध्ये बनलेल्या असतात. सहा स्क्रूंच्या ट्रेमोलो (दांड्याने हलवता येणाऱ्या) ब्रिजमध्ये पहिल्या आणि सहाव्या स्क्रूमधील अंतर जुन्या अमेरिकी मापात सुमारे ५६ मिलिमीटर असते, तर अनेक आशियाई गिटारांत ५२.५ मिलिमीटर. शिवाय स्वस्त गिटारची बॉडी नेहमीच्या ४५ मिलिमीटरपेक्षा पातळ असते, त्यामुळे ब्रिजखालचा पूर्ण लांबीचा पोलादी ब्लॉक मागच्या बाजूने बाहेर डोकावतो. बेळगावकराची येथे एक सोय आहे: उद्यमबागेत लेथ आणि मिलिंगची कामे करणारी वर्कशॉप पुष्कळ आहेत, आणि जुन्या जस्ताच्या ब्लॉकचा नमुना सोबत नेल्यास त्याच मापाचा पोलादी ब्लॉक घडवून घेता येतो, मात्र एका नगासाठी यंत्र लावायला मालक राजी झाला पाहिजे. सणाच्या तोंडावर त्याला त्रास देऊ नये.

खुंट्यांसाठी हेडस्टॉकमधील भोकाचा व्यास आणि मागच्या लहान स्क्रूची जागा मोजावी. पिकअपसाठी दोन टोकांच्या तारांमधील अंतर मोजावे, आणि सिंगल कॉइलच्या जागी हंबकर बसवायचा असेल तर आधी पिकगार्ड (पिकअपभोवतीचा प्लास्टिकचा पत्रा) उचलून खालचा कोनाडा पुरेसा मोठा आहे की नाही ते पाहावे. छिन्नी घेऊन कोनाडा वाढवायला बसू नये; सिंगल कॉइलच्या आकाराचे हंबकर मिळतात.

हाडाच्या नटसाठी एक मार्ग सुचवतो. मिरज येथे सतार आणि तानपुरे घडवणारी घराणी पिढ्यानपिढ्या काम करत आहेत. तेथील सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हाड घासून तारेला नेमकी खाच पाडणे या कारागिरांच्या हातात मुरलेले असते. जुना नट नमुन्यासाठी सोबत न्यावा, आधी विचारून घ्यावे, आणि खाचांची अंतरे कागदावर काढून द्यावीत. फ्रेटचे काम मात्र त्यांच्यावर सोपवू नये, कारण सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकते असतात, तर गिटारचे फ्रेट खाचेत ठोकून बसवलेले असतात. वायरिंगसाठी मिरवणुकीतल्या बेंजोचे पिकअप दुरुस्त करणारा मिस्त्री शोधावा. बेंजोलाही पोलादी तारा आणि तसलेच पिकअप असतात, त्यामुळे त्याला काम समजावून सांगावे लागत नाही.

शेवटी, जो जुना भाग काढला जाईल तो फेकू नये. प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत, त्याच्या स्क्रूंसह, वर तारीख आणि जागा लिहून ठेवावा, आणि वायरिंग सोडवण्यापूर्वी दोन बाजूंनी फोटो काढावेत. चुलतभावाच्या गिटारमधून मी काढलेले मूळ पिकअप असेच एका पिशवीत होते, म्हणून ते परत बसवून गिटार आहे तशी त्याच्या मुलाला देता आली. तो पहिल्या पाच फ्रेटवर कॉर्ड शिकतो आहे, आणि तेथवर नेकचा पीळ आड येत नाही. मी घेतलेला संच आता खडे बाजारातून आणलेल्या दुसऱ्या, सरळ नेकच्या सेकंडहँड गिटारमध्ये आहे. ती घेताना मी खिशात फिलर गेज नेले होते, आणि दुकानदाराने ते पाहून विचारले, "गाडी आणलीय काय दुरुस्तीला?"